"राज्य म्हणजे मीच" हे वाक्य चौदावा लुई खरोखर म्हणाला होता का?

वर्गफळा:

नमस्कार. मी एका माध्यमिक शाळेत बऱ्याच वर्षांपासून इतिहास शिकवतो. फ्रेंच राज्यक्रांतीचा धडा सुरू करण्यापूर्वी अनियंत्रित राजेशाही म्हणजे काय हे मुलांच्या लक्षात यावे म्हणून मी दरवर्षी फळ्यावर एकच वाक्य लिहितो, "राज्य म्हणजे मीच", त्याखाली चौदाव्या लुईचे नाव लिहितो आणि पुढे सरकतो. यंदा मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि तिने विचारले, "सर, हे तो कुणाला म्हणाला? आणि तेव्हा ते लिहून कोणी घेतले?" मला उत्तर देता आले नाही. "उद्या सांगतो" असे म्हणून मी वेळ मारून नेली, परंतु इतकी वर्षे ज्या वाक्याच्या आधारावर मी एक संपूर्ण संकल्पना शिकवत आलो, त्या वाक्याचा ठावठिकाणा आपण एकदाही विचारला नाही, ही गोष्ट तेव्हापासून मनातून जात नाही.

शाळेच्या ग्रंथालयात वचनांचा एक जुना संग्रह आहे. त्यात लुईच्या नावावर आणखी काही वचने सापडली: "वेळ पाळणे हा राजांचा शिष्टाचार आहे", "आमच्यामागून जलप्रलय", "मी रिकामी जागा भरली की शंभर जण नाराज होतात आणि एक जण कृतघ्न होतो", आणि शेवटी "मी चाललो, पण राज्य कायम राहील". या शेवटच्या वाक्याने माझा गोंधळ अधिकच वाढला. जो माणूस तारुण्यात राज्य आणि आपण एकच आहोत असे म्हणतो, तोच मरताना आपण जाणार आणि राज्य मागे उरणार असे कसे म्हणेल? यांपैकी कोणती वाक्ये खरी मानावीत, आणि त्याच्या आयुष्यात ती कुठे बसतात, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे. मुलीला दिलेला "उद्या" केव्हाच उलटून गेला आहे.

दफ्तरदार:

सर, तुमच्या विद्यार्थिनीने विचारलेले दोन प्रश्न, म्हणजे कुणाला म्हणाला आणि लिहून कोणी घेतले, हेच इतिहासाच्या अभ्यासातले पहिले दोन प्रश्न आहेत. त्यामुळे त्याच क्रमाने उत्तर देतो.

प्रचलित कथा अशी आहे की 13 एप्रिल 1655 रोजी सोळा वर्षांचा लुई व्हँसेनहून शिकारीच्या पोशाखातच पॅरिसच्या पार्लमांमध्ये शिरला, आणि तिथल्या न्यायाधीशांनी राज्याच्या हिताचा मुद्दा काढताच त्यांना हे वाक्य ऐकवून गप्प केले. इथे एक खुलासा आवश्यक आहे, कारण नावामुळे मुलांचा हमखास गैरसमज होतो. पॅरिसचे पार्लमां ही लोकांनी निवडलेली संसद नव्हती. ते राज्यातले सर्वांत मोठे न्यायालय होते, तिथली न्यायाधीशपदे विकत घेतलेली किंवा वडिलांकडून मुलाकडे आलेली असत, आणि राजाचा हुकूम त्याच्या दफ्तरी नोंदवला गेल्यावरच त्याला कायद्याचे बळ येत असे. स्पेनशी चाललेल्या युद्धासाठी पैसा हवा होता, म्हणून मार्चमध्ये राजाने स्वतः हजर राहून कराचे हुकूम नोंदवून घेतले होते. राजाची पाठ वळताच न्यायाधीशांनी त्या हुकमांची पुन्हा चर्चा सुरू केली. ती थांबवण्यासाठी तो आला होता.

त्या दिवशी तो जे बोलला त्याचा आशय आपल्याकडे आहे. या सभांमुळे राज्यात किती अनर्थ झाले हे सर्वांना ठाऊक आहे, माझ्या हुकमांवर सुरू झालेल्या सभा बंद करा, आणि अध्यक्षमहाशय, यापुढे अशी सभा भरू देण्यास मी तुम्हाला मनाई करतो व ती मागण्यास इतरांना मनाई करतो, असे तो म्हणाला. बोलणे थोडकेच होते. पार्लमांच्या नोंदींत "राज्य म्हणजे मीच" हे वाक्य नाही. या प्रसंगाचे चित्र सर्वांत ठसठशीत रंगवले ते फ्रेंच लेखक व्हॉल्तेअरने, आणि तेही 1751 मध्ये, म्हणजे घटनेनंतर जवळजवळ शंभर वर्षांनी. त्याने राजाच्या पायांत जाड बूट आणि हातात चाबूकही दिला आहे, परंतु हे वाक्य त्याच्याही वर्णनात नाही. ते सर्वत्र पसरले ते राज्यक्रांती होऊन गेल्यानंतर, एकोणिसाव्या शतकात, जेव्हा जुन्या राजवटीचे सार एका ओळीत सांगण्याची लेखकांना गरज वाटत होती.

मला स्वतःला त्या न सापडणाऱ्या वाक्यापेक्षा "या सभांमुळे झालेले अनर्थ" हे शब्द फार महत्त्वाचे वाटतात, कारण त्यांच्यामागे त्या मुलाचे सारे बालपण उभे आहे. लुईचा जन्म 5 सप्टेंबर 1638 चा. आईवडिलांच्या लग्नानंतर तेवीस वर्षांनी झालेला हा मुलगा, म्हणून त्याला "देवाने दिलेला" असे म्हणत. 14 मे 1643 रोजी वडील वारले तेव्हा तो पाच वर्षांचाही नव्हता. आई ॲन आणि मंत्री कार्डिनल माझारँ राज्य चालवू लागले, आणि 1648 साली पार्लमां व पाठोपाठ मोठमोठे सरदार यांचा उठाव सुरू झाला, तोच फ्राँद. 1649 च्या जानेवारीत राजघराण्याला रातोरात पॅरिसमधून पळून सँ-जेर्मँच्या थंडगार, सामानसुमान नसलेल्या वाड्यात आसरा घ्यावा लागला. दोन वर्षांनी, 1651 च्या फेब्रुवारीतल्या एका रात्री, राणी मुलाला घेऊन पुन्हा पळणार अशी आवई उठली आणि पॅरिसचे लोक राजवाड्याच्या दाराशी जमले. राणीने दारे उघडायला लावली. लोक रांगेने त्याच्या शयनगृहात आले, पलंगाचा पडदा बाजूला सारून राजा जागेवर आहे याची खात्री करून घेत गेले, आणि तो बारा वर्षांचा मुलगा डोळे मिटून तसाच पडून राहिला. पुढे आयुष्यभर त्याला पॅरिस आवडले नाही आणि 6 मे 1682 रोजी त्याने दरबार कायमचा व्हर्सायला हलवला, त्याची मुळे अशा रात्रींत आहेत असे मानणारे इतिहासकार पुष्कळ आहेत, आणि मलाही ते पटते.

आता त्याने खरोखर उच्चारलेल्या वाक्यांकडे येतो. 9 मार्च 1661 रोजी माझारँ वारला. दुसऱ्या दिवशी बावीस वर्षांच्या राजाने चॅन्सेलर सेग्ये, मंत्री आणि सचिव यांना बोलावून सांगितले की आजवर माझा कारभार मी कार्डिनलसाहेबांकडे सोपवला होता, आता तो मीच पाहण्याची वेळ आली आहे, आणि "मी विचारीन तेव्हा तुम्ही मला सल्ला द्याल". माझ्या आज्ञेशिवाय कशावरही शिक्का उठवायचा नाही आणि साधा प्रवासाचा परवानासुद्धा सही करून द्यायचा नाही, असेही त्याने बजावले. हे तिथे हजर असलेल्या सचिवांपैकी तरुण ब्रिएनने लिहून ठेवले आहे. त्याच सुमारास धर्मगुरूंच्या सभेचा अध्यक्ष असलेल्या रूआँच्या आर्चबिशपने विचारले की कार्डिनल गेले, आता कामकाजासाठी आम्ही कुणाकडे यायचे? राजाचे उत्तर होते, "माझ्याकडे, आर्चबिशप." फळ्यावर लिहायला "मी" असलेले वाक्य हवे असेल, तर सर, ते हे आहे. यात गर्जना नाही, परंतु पुढची चोपन्न वर्षे त्याने पंतप्रधान नेमला नाही.

त्याच वर्षी 5 सप्टेंबरला, म्हणजे स्वतःच्या वाढदिवशी, त्याने अर्थखात्याचा सर्वाधिकारी निकोला फुके याला नांतमध्ये अटक करवली. फुकेने अवघ्या तीन आठवड्यांपूर्वी व्हो-ल-व्हिकाँत येथील आपल्या नव्या वाड्यात राजाला डोळे दिपवणारी मेजवानी दिली होती. न्यायालयाने फुकेला हद्दपारीची शिक्षा दिली, तेव्हा राजाने ती बदलून जन्मठेप केली. राजाने शिक्षा कमी केल्याची उदाहरणे शेकडो सापडतात, वाढवल्याची क्वचित.

तुमच्या यादीतील बाकीची वचने थोडक्यात. वेळ पाळण्याचे वचन अठराव्या लुईचे म्हणून सांगितले जाते. जलप्रलयाचे वाक्य पंधराव्या लुईच्या काळातले असून ते बहुधा त्याची प्रेयसी मादाम द पाँपादूर हिच्या नावावर आहे. शंभर नाराज आणि एक कृतघ्न हे वाक्य व्हॉल्तेअरने चौदाव्या लुईचे म्हणून दिले आहे. राजाच्या मृत्यूच्या वेळी व्हॉल्तेअर वीस वर्षांचा होता आणि दरबारातल्या म्हाताऱ्या माणसांना त्याने खूप प्रश्न विचारले होते, म्हणून ते शक्य कोटीतले मानतो. "मी चाललो, पण राज्य कायम राहील" हे मात्र भक्कम पुराव्याचे आहे.

दुभाषी:

वरील उत्तर वाचून राहवले नाही म्हणून लिहिते. मी फ्रेंचमधून मराठीत अनुवाद करते, आणि या राजाच्या एका शब्दापाशी मी कित्येक दिवस अडून बसले होते.

1679 साली परराष्ट्र सचिव पाँपोन याला पदावरून दूर करताना लुईने राजपदाविषयीचे आपले विचार लिहून काढले. त्यात तो राजपदाला "मेतिए" म्हणतो. हा शब्द फ्रेंचमध्ये सुताराच्या, विणकराच्या, शिंप्याच्या कामासाठी वापरतात, इतकेच नव्हे तर विणकराच्या मागालाही हाच शब्द आहे. "राजाचा मेतिए थोर, उदात्त आणि सुखावणारा आहे, मात्र त्यात अंगावर येणारे सारे नीट पार पाडण्यास आपण लायक आहोत असे स्वतःला वाटले पाहिजे", असे ते वाक्य आहे. "राजधर्म" लिहावे तर त्यात शास्त्र आणि पुण्य येते, "राजपद" लिहावे तर केवळ आसन उरते, आणि "धंदा" या शब्दाला आज वेगळाच वास येतो. शेवटी मी "राजेपणाचे काम" असे लिहिले. रोज सकाळी उठून बसावे लागते, हात चालवावा लागतो, अशा कामाचा सूर त्या शब्दात आहे, आणि तो राजा खरोखर तसा कामाला बसत असे. त्याचा दिनक्रम इतका ठरलेला होता की पंचांग आणि घड्याळ जवळ असले तर तीनशे कोसांवरून त्या घटकेला तो काय करत असेल हे सांगता येई, असे त्याच्या दरबारातला सरदार सँ-सिमों याने लिहून ठेवले आहे, आणि सँ-सिमों हा त्याचा स्तुतिपाठक मुळीच नव्हता.

त्याच लिखाणात वर्गफळा सरांच्या कोड्याची उकल आहे. तिथे तो लिहितो, "राज्याचे हित सर्वांत आधी चालले पाहिजे", आणि पुढे, "राज्य नजरेसमोर ठेवले म्हणजे आपण स्वतःसाठीच काम करत असतो, एकाचे भले ते दुसऱ्याचे वैभव होते." एक आणि दुसरा, असे दोन वेगळे पक्ष त्याने शब्दांत मांडले आहेत. त्यांची गाठ तो घट्ट बांधतो, पण ते दोन्ही एकच आहेत असे तो म्हणत नाही.

माणदेशी:

दफ्तरदार आणि दुभाषी यांचे लेखन आदराने वाचले. तरीही एका गोष्टीबद्दल माझा जीव तुटतो आणि ती इथे मांडल्याशिवाय ही चर्चा पुरी होणार नाही. ते वाक्य त्याने उच्चारले नाही हे मान्य. परंतु त्याच्या राज्यात राहणाऱ्या साध्या माणसाला ते वाक्य ऐकण्याची गरजच नव्हती, कारण ते त्याच्या उंबरठ्याच्या आत येऊन बसले होते. हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. 1681 पासून प्रॉटेस्टंट कुटुंबांच्या घरांत घोडेस्वार सैनिक मुक्कामाला ठेवले जात. त्यांनी घरचे खाऊन संपवावे, सामान मोडावे, घरच्यांना झोपू देऊ नये, आणि कुटुंबाने कॅथलिक होण्याचे कबूल केले म्हणजे पुढच्या घरी जावे, अशी ती रीत होती. ऑक्टोबर 1685 मध्ये राजाने आपल्या आजोबांनी 1598 साली नांतमध्ये दिलेले धर्मस्वातंत्र्याचे फर्मानच रद्द केले. प्रॉटेस्टंट प्रार्थनामंदिरे पाडायची, त्यांच्या धर्मगुरूंनी पंधरा दिवसांत देश सोडायचा, आणि सामान्य प्रॉटेस्टंटांनी मात्र देश सोडायचा नाही, पकडले गेल्यास पुरुषांना जहाजावर वल्ही मारण्याची शिक्षा. इतके असूनही सुमारे 2 लाख ह्यूगेनॉट, म्हणजे फ्रेंच प्रॉटेस्टंट, निसटले. हॉलंड, ब्रँडेनबुर्ग, इंग्लंड येथे त्यांनी आपले रेशीम विणण्याचे, घड्याळे बनवण्याचे कसब नेले.

1689 मध्ये या माणसांना परत बोलवा असे निवेदन कुणी लिहिले? राजाचे किल्ले बांधणाऱ्या व्होबाँने. तो कॅथलिक होता, राजनिष्ठ होता, आणि देशभर हिंडून त्याने जे पाहिले त्यावरून तो बोलत होता. त्याचे कुणी ऐकले नाही. पुढे 1707 साली सर्वांनी, अगदी सरदारांनी आणि धर्मगुरूंनीसुद्धा, उत्पन्नाच्या प्रमाणात कर द्यावा अशी योजना त्याने छापली तेव्हा त्या पुस्तकावर बंदी आली आणि त्याच महिन्यांत तो वारला.

मी दुष्काळी मुलखातला आहे, म्हणून इतिहास वाचताना माझे लक्ष आधी धान्याच्या भावाकडे जाते. 1693-94 च्या दुष्काळात आणि त्यामागून आलेल्या रोगराईत फ्रान्समध्ये सुमारे 13 लाख माणसे दगावली असे तिथले इतिहासकार मानतात. 1709 च्या जानेवारीत तर अशी थंडी पडली की नद्या गोठल्या, शेतात पेरलेला गहू जमिनीतच मेला, द्राक्षवेली आणि ऑलिव्हची झाडे फुटली. त्या वर्षभरात आणखी 6 लाखांच्या आसपास माणसे गेली. आणि ही सारी वर्षे युद्धाची होती. 1667 ते 1714 या काळात त्याने चार मोठी युद्धे लढवली, आणि अखेरची दोन मिळून जवळजवळ बावीस वर्षे चालली. शेतकऱ्यावरचा ताय नावाचा मुख्य कर सरदारांना आणि धर्मगुरूंना माफ होता. धर्मगुरू फेनेलोंने राजाला उद्देशून लिहिलेल्या निनावी पत्रात म्हटले आहे की सारा फ्रान्स म्हणजे आता एक मोठे, उजाड, अन्नपाण्यावाचूनचे रुग्णालय झाले आहे.

न्याय्य बोलायचे तर हेही सांगितले पाहिजे की 1709 च्या जूनमध्ये त्याच राजाने एक अपूर्व गोष्ट केली. शत्रूंनी घातलेल्या तहाच्या अटी इतक्या अपमानकारक होत्या की त्यांत त्याला स्वतःच्या नातवाला स्पेनच्या गादीवरून खेचून काढण्यासाठी लढावे लागले असते. त्या त्याने नाकारल्या, आणि का नाकारल्या हे प्रांतोप्रांतीच्या सुभेदारांना पत्र लिहून कळवले. ते छापून लोकांना वाचून दाखवण्यात आले. आपल्या प्रजेपुढे आपली बाजू मांडावी लागते हे त्याला सत्तर वर्षांचा झाल्यावर उमगले. आपली सोन्याची ताटे त्याने त्याच वर्षी वितळवायला दिली. हे उमगणे वीस वर्षे आधी झाले असते तर किती माणसे वाचली असती, हा विचार मला ते पत्र वाचताना सोडत नाही.

किनारपट्टी:

मूळ प्रश्नाशी थेट संबंध नसला तरी सरांना वर्गात उपयोगी पडेल म्हणून एक लहानशी भर घालतो. हा राजा शिवाजी महाराजांचा समकालीन होता, वयाने आठ वर्षांनी लहान. त्याचा अर्थमंत्री कोल्बेर याने 1664 मध्ये फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी काढली. तिची पहिली वखार सुरतेत पडली, आणि 1674 साली, म्हणजे राज्याभिषेकाच्याच वर्षी, फ्राँस्वा मार्तँ पाँडिचेरीत स्थिरावला. 1677 मध्ये महाराज कर्नाटकाच्या स्वारीवर तिकडे उतरले तेव्हा मार्तँने त्यांच्याकडे वकील पाठवून वसाहतीसाठी अभय मिळवले. गोवळकोंड्याच्या मुलखातला मोठा निळा हिरा ताव्हर्निये या जवाहिऱ्याने लुईलाच विकला होता. राजाने 1673 मध्ये तो नव्याने पाडून घेतला.

दफ्तरदार:

माणदेशी यांचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे, आणि त्याला बळ देणारा साक्षीदार खुद्द लुई आहे. म्हणून शेवटच्या आठवड्याविषयी लिहितो, कारण त्याची सर्वांत विश्वसनीय वचने तिथेच आहेत.

1715 च्या ऑगस्टमध्ये त्याचा डावा पाय दुखू लागला. वैद्य फागों याने ती कटिवाताची कळ ठरवली. प्रत्यक्षात पाय सडत होता. 26 ऑगस्टला त्याने पणतवाला पलंगावर आणून बसवायला सांगितले. मुलगा, नातू आणि थोरला पणतू हे तिन्ही वारस 1711 च्या एप्रिलपासून 1712 च्या मार्चपर्यंतच्या अकरा महिन्यांत देवी आणि गोवर यांनी नेले होते, आणि मागे हे पाच वर्षांचे मूल उरले होते. राजा त्याला म्हणाला की बाळ, तू मोठा राजा होशील. मला इमारतींचा आणि युद्धाचा जो सोस होता त्यात माझे अनुकरण करू नकोस. शेजाऱ्यांशी शांततेने राहा. आणि प्रजेचा भार हलका करण्याचा प्रयत्न कर, जे मला दुर्दैवाने करता आले नाही. दरबाराची रोजनिशी ठेवणारा दांजो आणि त्या रोजनिशीवर पुढे टिपणे करून आपल्या आठवणी लिहिणारा सँ-सिमों यांच्या शब्दांत थोडाफार फरक आहे, आशयात नाही.

त्याच दिवशी त्याने दरबाऱ्यांना जवळ बोलावले, आपण घालून दिलेल्या वाईट उदाहरणाबद्दल त्यांची क्षमा मागितली आणि म्हटले, "मी चाललो, पण राज्य कायम राहील." त्या राज्याशी निष्ठेने राहा, असेही तो म्हणाला. दुभाषी यांनी 1679 च्या लिखाणात दाखवलेले दोन पक्ष, राजा आणि राज्य, इथे अखेर सुटे होतात.

आणखी एक प्रसंग मला या सर्वांहून जवळचा वाटतो. चुलाण्यावर बसवलेल्या आरशात त्याला दिसले की पलंगाच्या पायथ्याशी बसून त्याचे दोन खोलीतले नोकर रडत आहेत. तो त्यांना म्हणाला, "का रडता? मी अमर आहे असे तुम्हाला वाटले होते का? मला कधी तसे वाटले नाही, आणि माझे वय पाहता तुम्हीही मला गमावण्याची तयारी ठेवायला हवी होती." त्याने व्हर्सायच्या एका दालनात 357 आरसे बसवले होते आणि पाहुण्यांचे डोळे तिथे दिपत, हा लहान आरसा मात्र त्याला स्वतःला काही दाखवून गेला. 1 सप्टेंबरच्या सकाळी तो वारला. सत्याहत्तरावा वाढदिवस चार दिवसांवर होता, आणि राज्यावर येऊन 72 वर्षे होऊन गेली होती. शवयात्रा फ्रेंच राजांच्या दफनस्थानी, सँ-दनीला, चालली असताना वाटेवर लोक राहुट्या घालून पीत, गात होते, हे व्हॉल्तेअरने स्वतः पाहून लिहिले आहे.

वर्गफळा:

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल तासाला मी फळ्यावर जुनेच वाक्य लिहिले आणि मुलांसमोरच त्यावर रेघ मारली. मग खाली तारीख घालून तीन वाक्ये लिहिली: "माझ्याकडे, आर्चबिशप", 1661, "एकाचे भले ते दुसऱ्याचे वैभव", 1679, "मी चाललो, पण राज्य कायम राहील", 1715. प्रत्येकापुढे ते कुणी टिपले हेही लिहिले. व्होबाँ आणि 1709 ची थंडी यांना उरलेला तास दिला. आरशातल्या नोकरांची गोष्ट सांगताना वर्ग अगदी शांत होता.

मात्र त्याच मुलीने पुन्हा हात वर केला. "सर, मग पलंगावर बसवलेल्या त्या पाच वर्षांच्या मुलाने पणजोबांचे ऐकले का?" या वेळी मी तिला सरळ सांगितले की मी विचारून येतो.

दफ्तरदार:

ते शब्द त्या मुलाने, म्हणजेच पंधराव्या लुईने, आपल्या उशाशी लिहून ठेवले होते, असे व्हॉल्तेअर सांगतो. त्यांचा परिणाम किती झाला हे पाहायचे तर 3 मार्च 1766 रोजी घडलेला प्रसंग मुलीला सांगा. त्या दिवशी तो छपन्न वर्षांचा राजा पूर्वसूचना न देता पॅरिसच्या त्याच पार्लमांमध्ये आला, जिथे पणजोबा शिकारीच्या पोशाखात गेले होते. त्याच्या उपस्थितीत त्याचे लेखी उत्तर वाचून दाखवण्यात आले, आणि ते शब्दशः नोंदले गेले. त्यात म्हटले आहे की सार्वभौम सत्ता केवळ माझ्याच ठायी वसते, आणि राष्ट्राचे हक्क व हितसंबंध माझ्या हक्कांशी व हितसंबंधांशी एकरूप असून ते फक्त माझ्याच हातांत आहेत. सर, तुम्ही दरवर्षी फळ्यावर लिहीत होता त्या वाक्याच्या सर्वांत जवळचे, तारीख, जागा आणि दफ्तर असलेले वाक्य हे आहे, आणि ते पणतवाचे आहे.